विमानाचं तिकीट म्हणजे कलाधोरण नव्हे

मुंबईच्या कलावर्तुळात हल्ली एक युक्तिवाद इतक्या सहजपणे केला जातो की त्याला कोणी पुरावाही मागत नाही. तो असा: कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कला यांचा संसार परदेशात थाटला गेला आहे. ऑस्ट्रियातल्या लिंत्समध्ये आर्स इलेक्ट्रॉनिका आहे, जर्मनीत कार्ल्सरूहला झेडकेएम आहे, लंडनला सर्पेंटाइन आहे आणि कॅलिफोर्नियात तर खुद्द एआय कंपन्याच आहेत. तिथे कलावंताला राहायला जागा मिळते, हातात मानधन पडतं, शेजारच्या टेबलावर इंजिनिअर बसलेला असतो. आपल्याकडे यातलं काही नाही. तेव्हा ज्याला या क्षेत्रात काही करून दाखवायचं आहे त्याने अर्ज भरावा, रेसिडेन्सी मिळवावी आणि जावं. सरकारने आणि धनिकांनी फार तर तिकिटाचे पैसे द्यावेत.

हे म्हणणारे सगळेच भाबडे नाहीत. आर्स इलेक्ट्रॉनिका १९७९ पासून चालू आहे, झेडकेएमची स्थापना १९८९ची. इतक्या वर्षांची संस्थात्मक पुण्याई मुंबईच्या गाठीशी नाही, हे मान्यच करायला हवं. पण त्यावरून ‘कलावंतांनी जावं आणि मागे राहिलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात’ हा जो निष्कर्ष काढला जातो, तो इथल्या इतिहासाला धरून नाही आणि आजच्या वस्तुस्थितीलाही धरून नाही. हे तपासायला फार लांब जायला नको. पश्चिम रेल्वेने मालाडला उतरलं तरी पुरे.

१९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज स्थापन केली ती मालाडला, एफ. ई. दिनशॉ यांच्या बंगल्याच्या आवारात. दोघांनीही युरोपात भरपूर उमेदवारी केली होती. राय यांनी म्युनिकच्या कंपनीबरोबर ‘द लाइट ऑफ एशिया’ १९२५ मध्ये पूर्ण केला होता आणि देविका राणींनी लंडनला आणि बर्लिनच्या ऊफा स्टुडिओत शिक्षण घेतलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर दोघांच्याही बायोडेटात उत्तम परदेशी रेसिडेन्सी होत्या. पण चित्रपटसृष्टीने त्यांची नोंद घेतली ती पुढच्या पावलामुळे. त्यांनी दिग्दर्शक फ्रान्त्स ओस्टन, छायालेखक योसेफ विरशिंग आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना थेट मालाडला आणलं. ध्वनिमुद्रणाची यंत्रणा आली, प्रयोगशाळा उभी राहिली. भांडवल मुंबईच्या उद्योगपतींचं, कंपनी इथली, आणि परदेशी तंत्रज्ञ त्या कंपनीच्या पगारावर. त्याच प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागलेला एक तरुण पुढे अशोक कुमार झाला. त्याच संस्थेत भातखंडे परंपरेत शिकलेल्या खुर्शीद मिनोचर-होमजी ‘सरस्वती देवी’ या नावाने संगीत देऊ लागल्या. १९३६च्या ‘अछूत कन्या’मधला कॅमेरा जर्मन हातात होता आणि चाली मुंबईच्या पारशी स्त्रीच्या होत्या.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १९३९ मध्ये झाली. महायुद्ध सुरू झालं, ब्रिटिश सरकारने जर्मन तंत्रज्ञांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं. १९४० मध्ये हिमांशू रायही गेले. ज्ञान परदेशी माणसांच्या डोक्यात आणि बॅगेत राहिलं असतं तर बॉम्बे टॉकीजचं दार तेव्हाच बंद झालं असतं. तसं झालं नाही. १९४३ मध्ये ज्ञान मुखर्जींचा ‘किस्मत’ याच संस्थेतून बाहेर पडला आणि त्याने कमाईचे सगळे जुने आकडे मोडले. चार-पाच वर्षं परक्या तंत्रज्ञांच्या शेजारी उभं राहून इथली माणसं तयार झाली होती, म्हणून हे शक्य झालं. युद्धानंतर विरशिंग परतले तेव्हाही त्यांना इथे काम होतं. १९४९चा ‘महल’ त्यांच्याच कॅमेऱ्याने टिपला आहे.

‘ते सिनेमाचं झालं, एआयचं वेगळं’ असं उत्तर यावर हमखास येतं. वेगळं आहेच. पण नवं यंत्र आधी परदेशात तयार होतं आणि इथल्या कलावंतापुढे जाऊन शिकायचं की आणून शिकायचं हा पेच उभा राहतो, ही परिस्थिती महाराष्ट्राने पूर्वी चांगली अनुभवली आहे. तिच्यातून निघालेले धडे कागदावर आहेत, ते वाचायला हरकत नाही.

दादासाहेब फाळके १९१२च्या सुरुवातीला लंडनला गेले ते विमा पॉलिसी गहाण ठेवून. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडण्याचं यंत्र खरेदी केलं आणि काही आठवड्यांत ते परत आले. मे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. फिल्मला छिद्रं पाडण्याचं काम दादरच्या घरी सरस्वतीबाई करत होत्या. तिथला मुक्काम थोडा आणि इथला खटाटोप मोठा, असं त्या प्रवासाचं प्रमाण होतं. आजच्या अनेक रेसिडेन्सींमध्ये ते नेमकं उलटं असतं: तीन-चार महिने तिथे, एक सादरीकरण, एक पुस्तिका, आणि परतल्यावर ते काम पुढे न्यायला ना जागा ना साथीदार.

त्याहून बोलका दाखला ‘सैरंध्री’चा आहे, कारण या नावाचे दोन चित्रपट आहेत. पहिला बाबूराव पेंटरांचा, १९२०चा. कोल्हापुरात स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी तो काढला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांचा गौरव केला. दुसरा प्रभातचा, १९३३चा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. तो रंगीत करायचा होता. रंगप्रक्रिया इथे उपलब्ध नव्हती, म्हणून चित्रित केलेली फिल्म जर्मनीत नेऊन तिच्यावर प्रक्रिया करण्यात आली. रंग मनासारखे आले नाहीत आणि प्रयोग फसला. शांतारामांची जर्मनीवारी वाया गेली असं म्हणता येणार नाही, पुढच्या प्रभातपटांच्या छायालेखनात तिचा उपयोग दिसतो. फसला तो एकच भाग: कच्चा माल आपला, अखेरची प्रक्रिया दुसऱ्याच्या बंद खोलीत, आणि निकाल हाती येईपर्यंत आपल्याला काही बदलता येणार नाही. आज एखादा कलावंत आजीच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं किंवा गावातल्या भिंतीवरच्या चित्रांचे फोटो घेऊन परदेशी कंपनीच्या प्रयोगशाळेत जातो आणि तिथल्या बंद एआय प्रारूपात ते ओततो, तेव्हा तो १९३३च्या ‘सैरंध्री’चाच प्रयोग पुन्हा करत असतो.

आता ज्या परदेशी रेसिडेन्सींचं कौतुक होतं त्यांच्याकडे जरा बारकाईने पाहू. त्यांतल्या चांगल्या कामांचं सामर्थ्य नेमकं कशात आहे?

ॲना रिडलर ही ब्रिटिश कलावंत नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला रेसिडेन्सीवर होती. ट्यूलिपच्या हंगामात तिने स्वतः दहा हजार ट्यूलिपचे फोटो काढले आणि प्रत्येकावर हाताने त्याचा रंग, प्रकार लिहिला. ‘मिरियड (ट्यूलिप्स)’ ही २०१८ची कलाकृती म्हणजे तो फोटोसंग्रहच. पुढे त्याच फोटोंवर तिने यंत्राला शिकवलं. यात महागडं असं काय होतं? वेळ, फुलं आणि चिकाटी. रेफिक अनादोल गूगलच्या ‘आर्टिस्ट्स अँड मशीन इंटेलिजन्स’ या उपक्रमात होता आणि २०१७चं त्याचं ‘आर्काइव्ह ड्रीमिंग’ गाजलं; पण त्या कामाचा प्राण म्हणजे इस्तंबूलच्या साल्ट संस्थेने जपलेले सतरा लाख दस्तऐवज. तंत्रज्ञान कॅलिफोर्नियाचं असलं तरी दफ्तर इस्तंबूलचंच होतं, आणि दाखवलं गेलंही इस्तंबूललाच. हॉली हर्नडन आणि मॅट ड्रायहर्स्ट यांनी २०२४ मध्ये सर्पेंटाइनसाठी ‘द कॉल’ केलं तेव्हा ब्रिटनभर फिरून पंधरा गायनवृंदांचे आवाज मुद्रित केले. त्या आवाजांच्या वापरावर गायकांचा सामूहिक हक्क राहावा म्हणून विश्वस्त पद्धतीची रचना करून पाहिली. त्या प्रदर्शनातली सर्वांत नवी गोष्ट स्पीकरमधून ऐकू येत नव्हती, ती करारात होती.

तिन्ही उदाहरणांत दिसतं ते एकच. संग्रह, वेळ आणि अटी या तीन गोष्टी भक्कम असल्या की काम उभं राहतं. संग्रह आणि वेळ यांसाठी लिंत्सला जावं लागत नाही. अटी मात्र तिथून शिकण्यासारख्या आहेत, आणि नेमक्या त्याच कोणी शिकून येत नाही.

बरं, ‘परदेशात आधी होतं, मग आपल्याकडे झिरपतं’ हेही तितकंसं खरं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ‘एडमंड दे बेलामी’ हे यंत्रनिर्मित व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला विकलं गेलं आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी एआय कलेचा जन्म झाल्यासारख्या बातम्या छापल्या. त्याच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, दिल्लीच्या नेचर मॉर्ट गॅलरीत ‘ग्रेडिएंट डिसेंट’ हे पूर्णपणे एआय कलेला वाहिलेलं प्रदर्शन लागलं होतं. त्यात ॲना रिडलर, मारिओ क्लिंगेमान, मेमो आक्तेन यांच्याबरोबर हर्षित अगरवालचं काम होतं. मांडणी राघव केके आणि कार्तिक कल्याणरामन यांच्या ‘६४/१’ या भारतीय गटाची होती. लिलावातल्या त्या चित्रामागचा बराचसा कोड रॉबी बॅराट या अमेरिकी पोराने आधीच खुला करून ठेवला होता आणि लिलावाच्या पैशातलं काही त्याच्या हाती पडलं नाही, हेही त्या वर्षी जगाला कळलं. म्हणजे कोण आघाडीवर आणि कोण मागे, हे ठरवताना लिलावाचा हातोडा हे माप फार बेभरवशाचं ठरतं.

तरीही दुरून डोंगर साजरे. म्हणून डोंगराजवळ जाऊन आलेल्यांचं काय म्हणणं आहे तेही ऐकावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयच्या ‘सोरा’ या व्हिडिओ बनवणाऱ्या साधनाची पूर्वचाचणी करण्यासाठी निवडलेल्या काही कलावंतांनी बंड केलं. त्यांनी ते साधन काही तासांसाठी सर्वांना खुलं करून टाकलं आणि सोबत एक खुलं पत्र जोडलं. सुमारे तीनशे कलावंत या कंपनीसाठी फुकट चुका शोधताहेत, अभिप्राय देताहेत, प्रयोग करताहेत, आणि मोबदल्यात त्यांना मिळतंय ते प्रसिद्धीतलं प्यादेपण, असा त्या पत्राचा आशय होता. कंपनीने सहभाग ऐच्छिक असल्याचं सांगितलं आणि दार बंद केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रिस्टीजने फक्त एआय कलेचा लिलाव जाहीर केला तेव्हा तो रद्द करावा म्हणून हजारो कलावंतांनी सह्या केल्या. त्यांचा आक्षेप होता की यातली कित्येक चित्रं ज्या प्रारूपांनी काढली ती प्रारूपं परवानगीशिवाय उचललेल्या चित्रांवर शिकलेली आहेत. लिलाव झाला, सात लाख डॉलरहून अधिक रक्कमही जमली, आक्षेप मात्र जिथल्या तिथे राहिला.

या घटना पुढे करून दुसरा एक गट टोकाला जातो. त्याच्या मते एआय म्हणजे निव्वळ चोरी, त्या नावाची प्रत्येक रेसिडेन्सी म्हणजे चोरीच्या मालावर चढवलेला मुलामा, आणि जाणारा प्रत्येक कलावंत विकला गेलेला. हेही पटण्यासारखं नाही. रिडलरने कोणाचं काही चोरलं नाही. हर्नडनने गायकांना विचारून आवाज घेतले. ‘जाऊच नका’ म्हणणारे आणि ‘जाच’ म्हणणारे, दोघेही जागेवर अडकले आहेत. अटींकडे दोघांचंही लक्ष नाही.

अटींकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, याचा सर्वांत कडवट अनुभव भारतीय कलेने एआयच्या कितीतरी आधी घेतला आहे. भोपाळचे गोंड चित्रकार जनगढ सिंग श्याम २००१ मध्ये जपानमधल्या मिथिला संग्रहालयात मुक्कामी असताना त्यांनी तिथेच आयुष्य संपवलं. मुक्काम लांबला होता, घरी परतण्याची ओढ त्यांनी पत्रांतून कळवली होती. त्यानंतर भारतातल्या कलावंतांनी त्यांच्या मानधनाविषयी आणि कराराविषयी जाहीर प्रश्न विचारले. याच्या उलट दाखला पालघरचा. २००३ मध्ये ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग वारली मुलखात आला, जिव्या सोमा मशे यांच्या परिसरात राहून त्याने काम केलं आणि मग ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचं प्रदर्शन बरोबरीच्या नात्याने लागलं. पाहुणा आधी इथे आला, म्हणून पुढचा प्रवास दोघांचा झाला.

मालाडच्या संदर्भात अटींचा हा मुद्दा अधिकच टोकदार होतो, कारण या उपनगराला कच्चा माल पुरवण्याची सवय जुनी आहे. फोर्टातल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या भिंती मालाडच्या पिवळसर दगडाच्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही मालाडचा दगड आहे. गेटवे ऑफ इंडियाचा बेसाल्ट मालाडजवळच्या खारोडीचा. या इमारतींसोबत वास्तुशिल्पी जॉर्ज विटेटचं नाव येतं, ससून घराण्याचं येतं, खारोडीचं कोणाच्या ओठी येत नाही. आज दगडाच्या जागी आवाज, चेहरे आणि चौकटी आहेत. मालाड ते अंधेरी या पट्ट्यात डबिंगच्या खोल्या आहेत. तिथे एकच कलावंत सकाळी कार्टूनमधला उंदीर आणि संध्याकाळी कोरियन मालिकेतली सासू हिंदीत किंवा मराठीत बोलतो. इथेच परदेशी चित्रपटांच्या चौकटी रोटो आणि क्लीन-अपसाठी येतात, पडद्यावरचा दोर पुसणारी, माणसाची कड एकेका चौकटीत कापणारी पोरं रात्रपाळी करतात. एआयचा पहिला घाव याच कामांवर पडतो आहे, आणि एआयला शिकवण्यासाठी लागणारं कौशल्यही याच कामांत आहे. लिंत्सच्या रेसिडेन्सीत ज्याला ‘मानवी श्रम आणि अल्गोरिदम’ हा विषय संशोधनासाठी मिळतो, तो विषय मालाड स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभा असतो.

न्यायालयांना याची चाहूल लागली आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने तशाच आशयाचा अंतरिम आदेश दिला. नामवंत व्यक्तीच्या परवानगीशिवाय कोणताही आवाज तिच्या आवाजात बदलून देणारं साधन उपलब्ध करणं हे तिच्या व्यक्तिमत्त्व-हक्कांचं उल्लंघन आहे, अशी न्यायालयाची भूमिका आहे. आदेश मोलाचेच आहेत. पण हे आदेश मिळाले ते ज्यांचा आवाज देश ओळखतो त्यांना. उंदराचा आणि सासूचा आवाज देणाऱ्याला वकील परवडत नाही आणि त्याचं नाव श्रेयनामावलीतही सापडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष यांनी निषेध केला, तरी चित्रपट पडद्यावर आलाच. नावाजलेल्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

कायदा इतका हतबल नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतरच्या कॉपीराइट कायद्यात एक महत्त्वाची तरतूद आहे: हक्क लिहून देताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा करारात नाव घेऊन उल्लेख केलेला नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क आपोआप हस्तांतरित होत नाहीत. एआयच्या जमान्यात ही तरतूद डबिंग कलावंताच्या किती उपयोगाची ठरेल, जुन्या करारांचा अर्थ कसा लावायचा, नव्या करारात कोणतं कलम घालायचं, यावर कलावंत, वकील आणि प्रोग्रॅमर यांनी सहा महिने एका छताखाली बसून काम करावं, ही खरी रेसिडेन्सी. तिची जागा मालाडलाच असू शकते.

‘संगणकशक्ती कुठून आणणार?’ हा पुढचा आक्षेप. त्याचं उत्तर सरकारी कागदात आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने इंडियाएआय मिशनला दहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. त्यातून हजारो ग्राफिक प्रोसेसर तासाला शंभर रुपयांहून कमी, सवलतीच्या दराने देण्याची व्यवस्था झाली आहे. ती स्टार्टअप आणि संशोधकांसाठी आहे. कलावंत त्या यादीत ठळकपणे बसत नाही, हा दोष धोरणाचा आहे आणि तो दुरुस्त होऊ शकतो. शिवाय चांगल्या एआय कलेला राक्षसी यंत्रणा लागतेच असंही नाही, हे रिडलरच्या ट्यूलिपनी दाखवलंच आहे.

‘मराठीत डेटाच नाही’ हाही आक्षेप अर्धाच खरा आहे. पुण्याच्या एल३क्यूब गटाने दोन कोटींहून अधिक मराठी वाक्यांचा संग्रह २०२२ मध्ये खुला केला. त्याआधी ‘कार्य’ प्रकल्पातल्या संशोधकांनी पालघर जिल्ह्यातलं आमले गाव, धारावी आणि आयआयटी मुंबई इथल्या ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी वाचन मुद्रित केलं. अल्पउत्पन्न गटांतल्या वाचकांचं काम विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. पुढे ‘कार्य’ने डेटा पुन्हा विकला गेला तर मूळ कामगाराला त्यातला वाटा द्यायची पद्धत स्वीकारली. आमलेच्या आदिवासी वाचकाला जे मिळू शकतं, ते मालाडच्या डबिंग कलावंताला का मिळू नये?

सगळ्यात मोठी संधी मात्र मालाडच्या शेजारीच आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था जुलै २०२५ मध्ये पेडर रोडच्या एनएफडीसी आवारात सुरू झाली. तिचा कायमचा परिसर गोरेगावच्या चित्रनगरीत दहा एकरांवर होणार आहे आणि त्यामागे सुमारे चारशे कोटींचा सार्वजनिक पैसा आहे. गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया, ॲडोबी यांच्याशी सहकार्य जाहीर झालं आहे. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी तीन हजार कोटींहून मोठं धोरण मंजूर केलं. या घोषणांत स्टुडिओ, रोजगार, गुंतवणूक हे शब्द भरपूर आहेत. कलावंताच्या रेसिडेन्सीला आणि त्याच्या आवाजावरच्या, चेहऱ्यावरच्या हक्काला मात्र त्यांत ठळक जागा नाही. कंपन्यांशी सहकार्य व्हायला हरकत नाही. हिमांशू राय यांनीही परदेशी तंत्रज्ञ आणलेच होते. फरक इतकाच की तेव्हा कंपनी मालाडची होती आणि तंत्रज्ञ पगारावर होते. आता कंपनी त्यांची आणि पगारावर आपण, अशी अदलाबदल झाली तर बोलायची वेळ आत्ताची आहे, इमारत पूर्ण झाल्यावरची नाही.

काम देशातच होऊ शकतं याचे पुरावेही आहेत. मुंबईच्या कॅम्प या गटाने ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ ही कलाकृती शहरातल्याच एका पस्तीस मजली इमारतीवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याने घडवली. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने या गटाच्या कामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. बोरिवलीला श्रेयस कर्ले आणि हेमाली भुता यांनी ‘कोना’ ही कलावंतांची जागा सरकारी घोषणेची वाट न पाहता चालवून दाखवली. इच्छा आणि कसब दोन्ही उपनगरांत आहेत, कमी आहे ती सार्वजनिक पैशाची आणि चांगल्या कराराची.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. गोरेगावच्या नव्या संस्थेने पहिल्या वर्षापासून रेसिडेन्सी सुरू करावी आणि तिच्या निम्म्या जागा डबिंग, रोटो, लोककला आणि रंगभूमीतल्या काम करणाऱ्या माणसांसाठी राखाव्यात. परदेशी कलावंतांना आणि अभियंत्यांना इथे बोलवावं आणि त्यांनी इथल्या साथीदाराला शिकवूनच जावं, अशी अट घालावी. सार्वजनिक पैशातून तयार झालेला प्रत्येक आवाजाचा, चित्राचा, हालचालीचा संग्रह विश्वस्त पद्धतीने ठेवावा, तो वापरणाऱ्या कंपनीकडून शुल्क घ्यावं आणि देणाऱ्यांना वाटा द्यावा. कराराचा नमुना मराठीत छापावा आणि सर्वांना पाहता येईल असा ठेवावा.

आणि ज्या तरुण कलावंतासमोर आज परदेशी रेसिडेन्सीचा अर्ज उघडा आहे, त्याने तो जरूर भरावा. फक्त सही करण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. तिथे नेलेल्या संग्रहाची मालकी कोणाची राहील? त्यावर शिकलेलं प्रारूप परतताना सोबत आणता येईल का? नेमून दिलेल्या कामापलीकडे घेतलेल्या अभिप्रायाचे आणि चाचण्यांचे पैसे मिळतील का? मुक्काम वाढवायचा की संपवायचा हे कोण ठरवणार? या चारपैकी एकाचंही उत्तर लेखी मिळत नसेल, तर ती रेसिडेन्सी नाकारावी.